भिंतीवरचे चित्र आणि तुरुंगाचे दार

कलासंग्रह हा श्रीमंतांचा छंद समजला जातो. मौल्यवान चित्रे विकत घ्यावीत, ती दिवाणखान्यात लावावीत आणि निवडक पाहुण्यांनी वाखाणावीत, एवढेच त्याचे प्रयोजन पुष्कळांना दिसते. अमेरिकेतील अ‍ॅग्नेस गुंड (१९३८–२०२५) यांनी आपल्या संग्रहाचा विनियोग निराळ्याच कार्यासाठी केला.

क्लीव्हलंड येथील एका धनाढ्य बँकव्यावसायिकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वारशाने आलेल्या संपत्तीतून त्यांनी समकालीन कलावंतांच्या कृती जमविल्या आणि त्यांतील अनेक कृती संग्रहालयांना अर्पण केल्या. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांतील कलाशिक्षण पैशाच्या टंचाईमुळे बंद पडू लागले, तेव्हा १९७७ साली त्यांनी ‘स्टुडिओ इन अ स्कूल’ ही संस्था स्थापन केली. तिच्यामार्फत कलावंत स्वतः शाळांत जाऊन मुलांना शिकवू लागले.

त्यांच्या नातवंडांपैकी सहा जण कृष्णवर्णीय वंशाचे. त्यांच्या भवितव्याची काळजी या आजीला होतीच; वर्णभेद आणि तुरुंग यांचा संबंध उलगडणारा ‘थर्टीन्थ’ हा २०१६ सालचा अनुबोधपट पाहून ती अधिक तीव्र झाली. त्या सुमारास अमेरिकेच्या तुरुंगांत २० लाखांहून अधिक माणसे होती आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक होते. कित्येकांचा गुन्हा सिद्धही झालेला नव्हता; जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नाही, एवढ्याच कारणाने ते कोठडीत होते.

गुंड यांच्या घरी रॉय लिक्टेन्स्टाइन यांचे ‘मास्टरपीस’ हे १९६२ सालचे विख्यात चित्र होते. २०१७ साली त्यांनी ते १६.५ कोटी डॉलरांना विकले आणि त्यांतील १० कोटी डॉलर देऊन, फोर्ड प्रतिष्ठानाच्या सहकार्याने, ‘आर्ट फॉर जस्टिस’ हा निधी उभारला. इतर संग्राहकांनाही त्यांनी असेच करण्याचे आवाहन केले. जामीनपद्धतीत सुधारणा, अवाजवी शिक्षांना आळा आणि सुटून आलेल्यांचे पुनर्वसन, यांसाठी झटणाऱ्या संस्थांना त्यातून साहाय्य मिळाले. तुरुंगवास भोगलेल्या कलावंतांनाही आपले अनुभव समाजापुढे मांडण्याची संधी लाभली. २०२३ मध्ये निधीचे काम आटोपते घेण्यात आले. तोवर १२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाटली गेली होती.

एका व्यक्तीच्या दानाने अन्यायाचे निर्मूलन होत नाही. त्यासाठी कायदा आणि जागृत लोकमत हवे. परंतु कायद्यासाठी झगडणाऱ्यांना बळ देण्याचे काम दान करू शकते. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार भारतीय तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते.

धनिकाने स्वतःस आपल्या संपत्तीचा मालक न मानता विश्वस्त मानावे, असे गांधीजी सांगत. सुंदर वस्तूंच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. चित्र गेले, भिंत रिकामी झाली. पण त्या पैशाने कोणा अपरिचिताच्या घरचा माणूस परत येण्याची वाट थोडी सुकर झाली.