युरोपची पहिली फॅमिली ट्रिप : माद्रिद, कॉर्डोबा, ग्रॅनाडा आठ रात्रींत कसं जमवायचं?

उमराह झाला, दुबई झालं, आता मुलांना युरोप दाखवू या, असा विषय आपल्या अनेक घरांत निघतो. मग कुणीतरी दहा दिवसांत सहा देशांचं पॅकेज दाखवतं. त्यात निम्मा वेळ बसमध्येच जातो. जुमा कुठे पडणार आणि जेवणाचं काय, याचा पत्ता नसतो. पहिल्या खेपेला एकच देश आणि दोन-तीन शहरं पुरेशी आहेत. त्यासाठी स्पेन चांगला आहे. तिथे आपल्या तारीखचं एक मोठं पान डोळ्यांनी पाहता येतं, आणि शहरं रेल्वेने जवळ आहेत.

आखणी

माद्रिदला २ रात्री, कॉर्डोबाला २, ग्रॅनाडाला ३ आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा माद्रिदला १. माद्रिद ते कॉर्डोबा वेगवान रेल्वेने साधारण पावणेदोन तास, तिथून ग्रॅनाडा सुमारे दीड तास आणि ग्रॅनाडाहून माद्रिद साधारण साडेतीन तास. मोठ्या स्टेशनांवर सामान स्कॅन होतं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. तिकीट लवकर काढलं तर बहुधा स्वस्त पडतं.

जुलै-ऑगस्ट टाळा. कॉर्डोबात तेव्हा पारा ४० च्या वर जातो. अम्मी-अब्बा आणि लहान मुलांचे हाल होतात. एप्रिल-मे किंवा दिवाळीची सुट्टी उत्तम. तारखा ठरवताना शुक्रवार ग्रॅनाडात येईल असं बघा. त्याचं कारण पुढे येईलच.

व्हिसा

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो २९ देशांत चालतो, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये नाही. ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, कारण निर्णयाला ४५ दिवसही लागू शकतात. अडीच-तीन महिने आधी कामाला लागा.

जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो आहे. ६ वर्षांखालच्यांना फी नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा चार्ज वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, म्हणून कागद नीट लावा:

- पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला.
- किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा.
- बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्न, नोकरी असेल तर सुट्टीचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचे कागद.
- हॉटेल आणि विमानाचं बुकिंग. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा.
- मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र.

आपल्या भगिनींचा नेहमीचा सवाल फोटोचा असतो. धार्मिक कारणासाठी डोक्यावर स्कार्फ चालतो, फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. आणखी एक गोष्ट. "खात्यात तात्पुरते पैसे दाखवू, बुकिंग आम्ही बनवून देऊ" असं सांगणाऱ्या एजंटपासून दूर राहा. खोटा कागद सापडला तर व्हिसा जातोच, पुढच्या अर्जांवरही सावट राहतं. आणि खोटं ते खोटंच.

नमाज आणि किबला

आपल्याकडे किबला पश्चिमेला. तिथे तो पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकलेला. सवयीने पश्चिमेला मुसल्ला अंथरला जातो, तेव्हा होटेलच्या खोलीत शिरल्याबरोबर दिशा बघून ठेवा.

सफरीत चार फर्ज रकातींची नमाज कसर होते. कोकणातली आपली बरीच मंडळी शाफई आहेत. त्यांच्याकडे जुहर-असर आणि मगरिब-इशा जमा करून पढता येते. हनफी घरांत तसं करत नाहीत. किती दिवस मुक्काम असेल तर कसर राहते, यातही फरक आहे. निघण्याआधी आपल्या मौलानांना तारखा सांगून विचारून घ्या. मे महिन्यात तिथे मगरिब रात्री नऊनंतर असते आणि इशा अकराच्या आसपास जाते. मुलांची झोप त्या हिशेबाने बसवा.

माद्रिदमध्ये एम-३० रस्त्याजवळ मोठी मशीद आणि इस्लामी केंद्र आहे. ग्रॅनाडात अल्बाइसीन वस्तीत २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे. तिच्या बागेतून समोर अल्हंब्रा दिसतो. जुमा इथे मिळावा म्हणूनच शुक्रवारचं सांगितलं.

जेवण

विमानाचं तिकीट काढताना 'मुस्लिम मील' नोंदवा. माद्रिदच्या लावापिएस भागात आणि ग्रॅनाडाच्या काल्देरेरिया नुएवा गल्लीच्या आसपास हलाल हॉटेलं सापडतात. कॉर्डोबात पर्याय कमी. तिथे मासे, अंडी, भाजी यावर भागवा. काही शब्द पाठ करा : 'सेर्दो' म्हणजे डुक्कर, 'खामोन' म्हणजे त्याचं खारवलेलं मांस, 'मान्तेका' म्हणजे बहुतेक वेळा चरबी, 'विनो' म्हणजे दारू. 'मान्तेकादो' नावाची बिस्किटं साधी दिसतात, पण त्यात परंपरेने डुकराची चरबी असते. मुलांच्या जेली-गोळ्यांत जिलेटिन असतं. रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी साडेआठ-नऊच्या आधी मिळत नाही, म्हणून चिवडा, ठेपले, खजूर बॅगेत असू द्या. बाथरूममध्ये जेट स्प्रे सहसा नसतो. इस्तिंजासाठी बाटली बरोबर घ्या.

दोन इमारती, आणि मुलांना काय सांगायचं

कॉर्डोबाच्या मशिदीचं काम अब्दुर्रहमान पहिला याच्या काळात ७८५ च्या सुमारास सुरू झालं. लाल-पांढऱ्या कमानी, साडेआठशेहून अधिक खांब. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं आणि तिचं चर्च झालं. आज तिथे मुसलमानांना नमाज पढायला परवानगी नाही. कुणी उभं राहिलं तर पहारेकरी थांबवतात. हे मुलांना आधीच सांगा. इक्बाल १९३३ मध्ये इथे आले आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म झाली. घरात उर्दू येणारं कुणी असेल तर जाण्याआधी एकदा वाचून घ्या.

अल्हंब्राचं तिकीट मात्र आधीच काढा, कारण ते संपतं. त्यावर नस्रिद महालात शिरण्याची वेळ छापलेली असते. ती चुकली तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा. भिंतींवर 'व ला गालिब इल्लल्लाह' पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे, अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही. मुलांना ते शोधायला लावा. ज्यांनी ते कोरलं, त्यांनी १४९२ मध्ये याच शहराच्या किल्ल्या सोपवल्या. सल्तनत गेली, भिंतीवरचं वाक्य खरं ठरलं. एवढं मुलांच्या मनात उतरलं तरी खर्च वसूल झाला म्हणायचा. सफर मुबारक!