गाऱ्हाणें कचेरींत कसें मांडावें

महसुली कचेरींत तीस वर्षें कारकुनी करून आम्ही नुकतेच निवृत्त झालों. या काळांत शेतकऱ्यांचे असंख्य अर्ज आमच्या हाताखालून गेले. त्यांतील पुष्कळ अर्ज खरे असूनही फुकट गेले. कांहीं थोडे मात्र कामास आले. हा फरक कशामुळें पडतो, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमच्याच हातून घडलेली चूक सांगतों. एका शेतकऱ्यानें अर्ज दिला कीं, रस्त्याचें काम झाल्यापासून ओढ्याचें पाणी शेतांत तुंबतें व उभें पीक सडतें. अर्जांत गट नंबर नव्हता, तारीख नव्हती. उलट रेशनची तक्रार व शेजाऱ्याशीं बांधाचा तंटा हींही त्यांतच गुंफलेलीं होतीं. तो कोणत्या टेबलाकडे पाठवावा हें न कळून आम्हीं त्यावर ‘दप्तरीं दाखल’ असा शेरा मारला. पुढच्या पावसाळ्यांत त्याचें सोयाबीन पुन्हा सडलें आणि तिसऱ्या वर्षीं त्यानें ती जमीन विकली. अर्ज खरा होता. तो शेरा आम्हांस आजही बोचतो.

म्हणून पहिला नियम असा कीं, एका अर्जांत एकच मागणी असावी. गट नंबर, क्षेत्र, पीक व नुकसानीची तारीख आरंभींच लिहावी. ‘न्याय मिळावा’ ही मागणी नव्हे. ‘अमुक गटाजवळील मोरीची पाहणी करून ती रुंद करावी’ ही मागणी होय. दुसरा नियम, योग्य कचेरी शोधावी. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा कीं सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हें आधीं विचारून घ्यावें. तिसरा नियम, पोच घेतल्यावांचून परतूं नये. आपल्या नकलेवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक असला म्हणजे तो कागद हरवणें कोणासही सोपें जात नाहीं.

इतकें करूनही उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा आधार घ्यावा. ‘आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या टिपणीची नक्कल द्यावी,’ एवढेंच मागावें. कायद्यानें सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणें बंधनकारक आहे; न दिल्यास वरिष्ठांकडे अपील करितां येतें. असा अर्ज आला म्हणजे पडून राहिलेली नस्ती कशी शोधून काढली जाते, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

येथवर एकट्याची गोष्ट झाली. मागणी अनेकांची असेल तेव्हांही हाच नियम लागू पडतो. सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुक्यांत तत्कालीन सरकारनें शेतसारा सुमारें २२ टक्क्यांनीं वाढविला. १९२८ सालीं वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं सारा रोखून धरला. गुरें जप्त झालीं, जमिनी खालसा झाल्या, तरी ते डगमगले नाहींत. हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांची मागणी सारा सरसकट माफ करण्याची नव्हती. वाढ योग्य कीं अयोग्य याची निःपक्षपाती चौकशी व्हावी, एवढीच होती. अखेर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल हे दोन अधिकारी चौकशीस नेमले गेले. कार्यकर्त्यांनीं गावोगावचे खंडाचे आकडे व शेतीचा खर्च जमवून त्यांच्यापुढें ठेविला. खंडाच्या ज्या आकड्यांवर वाढ बेतली होती, ते नीट पडताळलेलेच नव्हते असें उघड झालें, आणि १९२९ च्या अहवालांत वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आली. निर्धारानें चौकशी मिळाली. ती जिंकली मात्र आकड्यांनीं.

आज आपणांस तितका त्याग करावा लागत नाहीं. ग्रामसभा आपल्या हातीं आहे. तिची गणपूर्ति १०० मतदार किंवा एकूण मतदारांचे १५ टक्के, यांपैकीं जी संख्या कमी असेल तिनें होते. दहा शेतकऱ्यांनीं आपापल्या गटांचा तपशील एका तक्त्यांत मांडून ठराव करून घेतला, तर तें गाऱ्हाणें एका घराचें राहत नाहीं, गावाचें होतें. तोच तक्ता एका पानावर लिहून आपल्या आमदारांस द्यावा. त्यावर विधानसभेंत तारांकित प्रश्न लागला, तर मंत्रालयापासून तलाठ्यापर्यंत सर्वांस उत्तर तयार करावें लागतें. अशा दिवशीं आम्ही रात्रीं उशिरांपर्यंत कचेरींत बसलों आहों.

तात्पर्य, मोठा आवाज किंवा मोठी ओळख नसली तरी चालेल. प्रत्येकानें घरीं एक वही ठेवावी आणि पाऊस, पीक, नुकसान, अर्ज व त्याचा आवक क्रमांक यांची त्या त्या दिवशीं नोंद करावी. ज्या शेतकऱ्याच्या अर्जावर आम्हीं तो शेरा मारला, त्याच्यापाशीं अशी वही असती आणि ती पाहण्याची तसदी आम्हीं घेतली असती, तर ती जमीन आज त्याच्याच नांवावर असती.