फीडची यादी हलवताना

थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे जमवलेली फीड्स (म्हणजे संकेतस्थळांवरचे नवे लेख आपोआप आणून देणारे दुवे) फीडली किंवा इनोरीडर या वेबवरच्या सेवांवर न्यायची, तर एकेक पत्ता पुन्हा टाइप करावा लागत नाही. जुन्या प्रोग्रॅममधून ‘ओपीएमएल’ फाइल एक्स्पोर्ट करायची आणि नव्या ठिकाणी इम्पोर्ट करायची. ही फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून जरूर पाहावी: ओळीओळीला एका फीडचे नाव आणि पत्ता, तोही आपापल्या फोल्डरखाली. काय वाचून झाले याच्या खुणा आणि जपून ठेवलेले लेख मात्र तिच्यात येत नाहीत. असे लेख आधीच वेगळे उतरवून घेतलेले बरे. एवढ्या खटाटोपाचे फळ असे की, वाचल्याच्या खुणा यापुढे वेबवरच्या सेवेतच राहतात आणि संगणकावर वाचलेले फोनवर पुन्हा समोर येत नाही.

वेबवरची सेवा उद्या बंद पडली तर? शंका रास्त आहे. १ जुलै २०१३ रोजी गुगल रीडर ही अशीच सेवा बंद झालीच. पण तेव्हाही ज्यांनी यादी उतरवून घेतली, त्यांची फीड्स टिकली. त्यामुळे यादी अधूनमधून स्वतःकडे उतरवून घेणाऱ्याने वेबवर जायला कचरू नये. खासगीपणाचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण आपण काय वाचतो हे त्या सेवेला कळते. म्हणून ज्या फीड्सच्या पत्त्यातच गुप्त किल्ली असते, ती फीड्स घरच्या संगणकावरच ठेवावीत.