भाडेकरूच्या खोलीतला मीटर

अमरावतीत कठोरा नाक्याच्या बाजूला विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या पुष्कळ. घरमालकाचा मुख्य मीटर जिन्याखाली, आणि शहाण्या मालकाने प्रत्येक खोलीला सबमीटर लावलेला. सबमीटर नसला की मे महिन्यात बिलावरून वाद ठरलेला. कूलर कुणाचा किती चालला हे सांगणार कोण?

अशाच एका खोलीत इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. क्लाउडवर तासाच्या हिशेबाने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनवर त्याने ‘पर्फ स्टॅट’ ही लिनक्सची आज्ञा चालवली होती. सायकली, इन्स्ट्रक्शन, कॅश मिस अशा ओळी पडद्यावर होत्या, पण आकड्यांच्या जागी एकच उत्तर: नॉट सपोर्टेड. ‘‘सर, हे असं काहून दाखवते? प्रोसेसर तर चांगला आहे ना?’’

प्रोसेसर चांगलाच होता. त्याच्या खोलीला सबमीटर नव्हता, एवढंच.

प्रोसेसरच्या पोटात मोजणी करणारा एक भाग असतो. त्याचं नाव परफॉर्मन्स मॉनिटरिंग युनिट, थोडक्यात पीएमयू. किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या, किती सायकली गेल्या, मेमरीची वाट बघण्यात किती वेळा थांबावं लागलं, हे तो काउंटरमध्ये टिपत राहतो. 1993 च्या पेंटियममध्ये असे दोन काउंटर होते, पण इंटेलने त्यांची माहिती सर्वांसाठी खुली केली नव्हती. नॉर्वेच्या तेर्ये मॅथिसन यांनी खटपट करून ती शोधली आणि जुलै 1994 च्या ‘बाइट’ मासिकात छापली. पुढे इंटेलने या मोजणीचा नियमबद्ध आराखडाच ठरवला. त्यानंतरच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरमध्ये तीन ठरावीक काउंटर आणि हव्या त्या घटनेवर लावता येणारे चार किंवा आठ काउंटर मिळतात.

हे आकडे कशासाठी? त्या मुलाचंच उदाहरण घेऊ. त्याच्याकडे 4096 ओळी आणि 4096 स्तंभांचा तक्ता होता, प्रत्येक आकडा आठ बाइटचा. म्हणजे 128 एमबी. ओळीओळीने बेरीज केली की पटकन व्हायची, स्तंभास्तंभाने केली की रखडायची. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच.

वरुड-मोर्शीच्या संत्र्यांवरून हे लगेच समजतं. मेमरीतून प्रोसेसरकडे सुटं संत्रं येत नाही, क्रेट येतो. एका क्रेटमध्ये 64 बाइट, म्हणजे आठ आकडे. ओळीने गेलात तर क्रेट उघडून आठही संत्री वापरता, आणि सुमारे 21 लाख क्रेटमध्ये काम होतं. स्तंभाने गेलात तर प्रत्येक आकड्यासाठी 32 केबी पुढे उडी, नवा क्रेट, त्यातलं एक संत्रं. बाकीच्या सातांची पाळी येईपर्यंत तो क्रेट बहुधा परत गेलेला असतो. खेपा 1 कोटी 67 लाखांपर्यंत जाऊ शकतात. घड्याळ फक्त उशीर झाल्याचं सांगतं. हवा तो क्रेट प्रोसेसरजवळच्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, सापडला नाही की तो कॅश मिस. उशीर खेपांमुळे झाला, हे कॅश मिसचा काउंटरच सांगतो.

आता भाड्याच्या यंत्राकडे येऊ. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका मोठ्या सर्व्हरमधली खोली. मालक होस्ट, भाडेकरू गेस्ट, आणि मधला व्यवस्थापक हायपरवायजर. लिनक्समधला हायपरवायजर म्हणजे केव्हीएम. तो इस्रायलच्या कुमरानेट कंपनीत आवी किविटी यांनी सुरू केला आणि फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये आला. गेस्टला पीएमयू दाखवण्याची सोय त्यात 2012 मध्ये आली. तिची रीत अशी: गेस्टने काउंटर लावायला विशेष रजिस्टरमध्ये लिहिलं की प्रोसेसर ते लिहिणं अडवतो आणि ताबा केव्हीएमकडे जातो. केव्हीएम होस्टच्या कर्नेलमधल्या ‘पर्फ’ या मोजणी-यंत्रणेकडे या गेस्टच्या नावाने एक मोजणी मागतो. होस्टने खरा काउंटर दिला तर तो फक्त गेस्ट चालू असतानाच धावतो. काउंटर भरून सांडला की त्याचा इंटरप्ट आधी होस्टकडे जातो आणि तिथून गेस्टपर्यंत पोचवला जातो.

खरी अडचण इथेच आहे. काउंटर मोजके, मागणारे दोघे. होस्टला तेच काउंटर हवे असले तर गेस्टची मोजणी मध्येच थांबते आणि गेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही. चुकलेला मीटर नसलेल्या मीटरपेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय दर वेळी ताबा होस्टकडे जाऊन परत येण्यात वेळ जातो. म्हणून गेस्ट चालू असताना पीएमयू सरळ त्याच्याच हाती द्यायचा आणि बाहेर पडताना आकडे जपून ठेवायचे, या मार्गावर केव्हीएमच्या मंडळींनी अलीकडे बरंच काम केलं आहे.

क्लाउडवाले बहुतेकदा मीटर देत नाहीत, त्याला कारणं आहेत. चालतं मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं तर दोन्हीकडचे काउंटर जुळायला हवेत. आणि एकाच सर्व्हरवर शेजारी-शेजारी राहणाऱ्यांनी आकड्यांवरून एकमेकांची गुपितं ताडण्याची भीतीही खरी आहे. पण इथे फरक करायला हवा. प्रोसेसरच्या कोअरचे काउंटर गेस्टच्या स्वतःच्या कामापुरते देता येतात. सगळ्यांच्या सामाईक मेमरी-मार्गावरचे काउंटर देऊ नयेत. 2017 मध्ये अॅमेझॉनच्या क्लाउडवर अख्खं यंत्र घेणाऱ्यांना हे आकडे मोठ्या प्रमाणात खुले झाले. तेव्हा नेटफ्लिक्समध्ये असलेल्या ब्रेंडन ग्रेग यांनी त्याबद्दल सविस्तर लिहिलं. पण अख्खं यंत्र भाड्याने घेणं अमरावतीतल्या किती मुलांच्या खिशाला परवडणार?

हे मला वऱ्हाडात बसून जास्त टोचतं. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. संगणकतज्ज्ञ विजय भटकर यांचा जन्म तिथे 1946 सालचा. अमेरिकेने भारताला हवा तसा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, आणि 1988 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सी-डॅक या संस्थेने त्यांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ बांधला. तो 1991 मध्ये पूर्ण झाला. एकाच अजस्र प्रोसेसरऐवजी पुष्कळ ट्रान्सप्युटर जोडून बांधलेलं हे यंत्र होतं. अशा यंत्रात कोणता भाग काम करतो आणि कोणता नुसता वाट बघत बसतो, हे मोजल्याशिवाय वेग वाढत नाही. त्याच जिल्ह्यातला आजचा विद्यार्थी क्लाउडवरचं व्हर्च्युअल मशीन पाच मिनिटांत भाड्याने घेऊ शकतो, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते बहुतेकदा बघू शकत नाही.

तोवर हाताशी एक उपाय आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांमधल्या सरांना तो मी आग्रहाने सांगतो. लॅबमध्ये बाजूला पडलेला एखादा इंटेलचा डेस्कटॉप घ्या, त्यावर लिनक्स आणि केव्हीएम टाका. गेस्ट बनवताना प्रोसेसर होस्टसारखाच दाखवा आणि पीएमयू चालू ठेवा. व्हर्च्युअलबॉक्सवर अडून बसू नका, त्यात ही सोय नाही. मग त्या तक्त्याची बेरीज दोन्ही रीतींनी मुलांकडून करून घ्या आणि कॅश मिसचे आकडे त्यांनाच फळ्यावर लिहू द्या.