इंजिनचा बोल्ट जाम झालाय? पान्यावर जोर लावण्याआधी हे समजून घ्या

रविवारची सकाळ. बॉनेट उघडलेलं, मोबाईलवर दुरुस्तीचा व्हिडिओ सुरू. बदलायचा असतो फक्त स्पार्क प्लग, पण तो जागचा हलत नाही. मग पान्याला लांब पाईप लावून झटका दिला जातो आणि 'टक्' असा आवाज येतो. प्लग अर्धा हातात, अर्धा इंजिनमध्ये! अर्ध्या तासाचं काम थेट इंजिनचं हेड खोलण्यावर जातं.

हे टाळता येतं का? बहुतेक वेळा हो. त्यासाठी भाग का अडकलाय, हे आधी कळायला हवं.

भाग जाम का होतात?

पहिलं कारण गंज. लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो.

दुसरं कारण दोन वेगळे धातू. आजच्या बहुतेक गाड्यांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचे असतात. ओलावा, त्यातही खारट ओलावा मिळाला की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी आट्यांत अडकते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हा त्रास जास्त.

तिसरं कारण उष्णता. एक्झॉस्टचे नट रोज तापतात आणि थंड होतात. प्लगच्या आट्यांत कार्बन साचतो.

तेल मारलं की लगेच सुटतं का?

नाही. पातळ तेल फटीत हळूहळू शिरतं. त्यामुळे आधी तारेच्या ब्रशने जागा साफ करावी, तेल मारावं आणि काही तास, जमल्यास रात्रभर थांबावं.

सगळ्यांच्या ओळखीचा 'डब्ल्यूडी-४०' स्प्रे १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये तयार झाला. नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजेच पाणी हटवणं. मूळ उद्देश गंज रोखण्याचा होता. म्हणून घट्ट जाम झालेल्या बोल्टसाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल वापरलेलं बरं.

मग सोडवायचं कसं?

- सहा कोनी सॉकेट वापरा. बारा कोनी सॉकेटने बोल्टचे कोपरे लवकर झिजतात.
- स्टीलच्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या. गंजाची पकड सुटते. स्पार्क प्लगवर मात्र ठोकू नका, त्यातलं सिरॅमिक तडकतं.
- थोडं सैल, थोडं घट्ट असं मागेपुढे फिरवा. मधेमधे तेल द्या.
- मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल, तर प्लग थंड इंजिनवरच काढा. गरम अ‍ॅल्युमिनियमचे आटे लवकर मरतात.

गॅरेजमध्ये नट तापवूनही सोडवतात, कारण तापलेला नट प्रसरण पावतो. घरी मात्र ज्योत वापरू नका. बॉनेटखाली पेट्रोलचे पाईप असतात आणि मारलेलं तेलही पेट घेतं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापला तर विषारी वायू तयार होऊ शकतो.

दोन भाग एकमेकांना चिकटले असतील तर?

वॉटर पंप किंवा हेड निघत नसेल, तर आधी एखादा बोल्ट राहिलाय का ते पाहा. बऱ्याचदा तेच कारण असतं. मग रबरी किंवा लाकडी हातोडीने कडेने हलके ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या सपाट पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तिथून कूलंट किंवा ऑइल गळू शकतं.

कधी थांबायचं?

पाना फिरतोय पण बोल्ट सैल न होता रबरासारखा पिळतोय असं वाटलं, तर तिथेच थांबा. तो तुटण्याच्या बेतात आहे. तुटलेला बोल्ट काढणारा एक्स्ट्रॅक्टर फार कडक स्टीलचा असतो. तो आत मोडला तर साधा ड्रिल त्यात शिरत नाही. बोल्ट तुटलाच, तर गॅरेजवाला उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो काढू शकतो. आटे मेले असतील तर नवेही बसवता येतात.

पुन्हा जोडताना टॉर्क पाना वापरा. अँटी-सीझ लावण्याआधी मॅन्युअल पाहा, कारण आट्यांना वंगण असलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त आवळला जातो.

पान्याला पाईप लावावासा वाटला, तर आधी पुन्हा तेल मारून एक रात्र थांबा. तरीही हललं नाही, तर मेकॅनिकला बोलवा. न तुटलेला बोल्ट काढणं त्याच्यासाठीही सोपं आणि तुमच्यासाठीही स्वस्त.