सेवानकार आणि समता : ग्राहक व संदेश यांतील भेद

व्यवसाय मालकाचा खाजगी असतो; परंतु पाटी लावून तो सर्वांसाठी खुला केला की त्यात सार्वजनिकतेचा अंश येतो. अशा व्यावसायिकाने कोणाची मागणी नाकारावी आणि कोणत्या कारणाने, हा प्रश्न समलिंगी ग्राहकांच्या संदर्भात अलीकडे अनेक न्यायालयांपुढे आला. एका पक्षी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, तर दुसऱ्या पक्षी चारचौघांप्रमाणे व्यवहार करण्याची प्रतिष्ठा. या दोहोंची सीमारेषा कोठे आखावी, हे समजण्यास ब्रिटनमधील दोन निवाडे विशेष उपयुक्त ठरतात.

पहिला निवाडा हॉटेलासंबंधी आहे. कॉर्नवॉलमधील एका ख्रिस्ती दांपत्याच्या हॉटेलात दुहेरी पलंगाच्या खोल्या केवळ विवाहितांनाच देण्याचा नियम होता. २००८ साली त्यांनी नोंदणीकृत नागरी सहजीवनात असलेल्या दोन पुरुषांना खोली नाकारली. नियम सर्वांना सारखाच आहे, हा मालकांचा बचाव होता. परंतु समलिंगी जोडप्यांना त्या काळी तेथे विवाहच करता येत नसल्यामुळे हा नियम त्यांना कायमचे वगळणारा होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी मालकांविरुद्ध निर्णय दिला. त्यांपैकी तिघांच्या मते हा प्रत्यक्ष, तर दोघांच्या मते अप्रत्यक्ष भेदभाव होता.

दुसरा निवाडा बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीचा. २०१४ साली एका समलिंगी ग्राहकाने समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या, अशा अर्थाचे वाक्य लिहिलेला केक मागविला. मागणी स्वीकारल्यानंतर मालकांनी धर्मश्रद्धेचे कारण देऊन ती नाकारली व पैसे परत केले. खालच्या न्यायालयांनी ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. मात्र २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरविला. मालकांचा आक्षेप ग्राहकाला नसून मजकुराला होता. तोच मजकूर भिन्नलिंगी ग्राहकाने मागितला असता तरी त्यांनी तो नाकारलाच असता, असे न्यायालयाने म्हटले. ज्या मताशी आपली असहमती आहे ते व्यक्त करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे त्यामागील तत्त्व.

दोन्ही प्रकरणांत प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती लेडी हेल यांचे होते. निष्कर्ष परस्परविरुद्ध दिसले, तरी कसोटी एकच आहे : नकार माणसाला आहे की संदेशाला?

ही कसोटी सुबोध असली तरी प्रत्येक वेळी पुरेशी ठरत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१२ साली मास्टरपीस केकशॉपच्या मालकाने समलिंगी विवाहासाठी केक करण्यास नकार दिला, तेव्हा केकवरील मजकुराची चर्चाही झाली नव्हती. नुसत्या विवाहाच्या केकला संदेश मानावे काय? २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मालकाच्या बाजूने निर्णय दिला. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या धर्मश्रद्धेबाबत आकस दाखविला, हे त्याचे कारण होते. मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. पुढे २०२३ साली ३०३ क्रिएटिव्ह प्रकरणात, समलिंगी विवाहांसाठी संकेतस्थळे रचण्याची सक्ती करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होय, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. येथे काम हेच अभिव्यक्ती मानले गेले. अशा कामाची व्याख्या व्यापक होत गेली, तर समतेचा कायदा पोकळ होईल, ही विरोधी मताची भीती निराधार म्हणता येत नाही.

भारताला सेवानकाराचा प्रश्न अपरिचित नाही. पाणवठा, उपाहारगृह, न्हाव्याचे दुकान येथेच अस्पृश्यता रोज अनुभवास येई. १९२७ चा महाडचा सत्याग्रह सार्वजनिक तळ्यावरील हक्कासाठीच झाला. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. हे बंधन खाजगी मालकांवरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला की, येथे दुकान याचा अर्थ केवळ आत प्रवेश एवढा मर्यादित नाही. अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्कही त्यात येतो. २०१८ च्या नवतेज जोहर निवाड्यात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी अनुच्छेद १५ मधील लिंग या शब्दात लैंगिक कलाचाही अंतर्भाव केला. तथापि, समलिंगी ग्राहकाला सर्व प्रकारच्या सेवांबाबत संरक्षण देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा अस्तित्वात नाही.

सारांश, विशिष्ट मजकूर लिहिण्यास नकार देणे आणि माणसाला दारातून परत पाठविणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या नकारात मतभेद व्यक्त होतो, दुसऱ्यात बहिष्कार. मतभेदाच्या आवरणाखाली बहिष्कार तर चाललेला नाही ना, हे प्रत्येक प्रकरणात तपासून पाहणे, हेच या विषयातील न्यायाचे खरे काम होय.