पूरक प्रथिन सी३ : रचना आणि कार्य

प्रतिरक्षित प्राण्याचा रक्तरस ५६ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवला, तर त्याची जंतुनाशक शक्ती नाहीशी होते. त्यातील प्रतिपिंडे मात्र शाबूत राहतात. त्यात सामान्य प्राण्याचा थोडा ताजा रक्तरस मिसळला की ती शक्ती परत येते. झ्यूल बोर्दे यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९५ च्या सुमारास केलेल्या या प्रयोगांवरून, प्रतिपिंडांच्या जोडीला उष्णतेने नष्ट होणारा दुसरा घटक असला पाहिजे, हे सिद्ध झाले. पॉल एर्लिख यांनी त्याला ‘कॉम्प्लिमेंट’, म्हणजे पूरक, हे नाव दिले. हा घटक म्हणजे वस्तुतः ३० हून अधिक प्रथिनांचा समूह होय, हे पुढे कळून आले. त्यांतील मध्यवर्ती प्रथिन सी३. या प्रथिनाला जंतू आणि स्वकीय कोशिका यांतील भेद स्वतः ओळखता येत नाही. मग संरक्षणाचे काम त्याच्यावर सोपविणे शरीराला कसे परवडते? याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

सी३ मुख्यत्वे यकृतात तयार होते. रक्तद्रवात ते दर लिटरमागे सुमारे १ ग्रॅम, म्हणजे पूरक प्रथिनांत सर्वाधिक, असते. त्याचा रेणुभार सुमारे १,८५,००० डाल्टन असून आल्फा आणि बीटा या दोन शृंखला त्यात डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या असतात. उट्रेख्ट येथील संशोधकांनी २००५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा त्यात १३ खंड आढळले. त्यांपैकी आल्फा शृंखलेतील एका खंडात सिस्टीन व ग्लुटामीन यांच्यामध्ये थायोएस्टर बंध असतो. अखंड रेणूत हा बंध आत दडलेला असल्यामुळे पाण्यापासून बराचसा सुरक्षित राहतो.

कन्व्हर्टेज या एन्झाइमाने सी३ पासून ७७ अॅमिनो अम्लांचा सी३ए हा तुकडा तोडला की उरलेल्या सी३बी या भागाची घडी पार बदलते. थायोएस्टर बंध सुमारे ८५ अँगस्ट्रॉम सरकून उघडा पडतो आणि जवळच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटाशी सहसंयुज बंधाने जोडला जातो. मात्र या उघड्या बंधाचे अर्धायुष्य सेकंदाच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाएवढेच असते. बहुतेक रेणू पाण्याशीच संयोग पावून वाया जातात. जे चिकटतात ते निर्मितिस्थानाच्या अगदी निकट. हे अल्पायुष्य हीच संरक्षणाची पहिली मर्यादा होय.

परंतु ती पुरेशी नाही. चिकटलेल्या सी३बीला घटक बी येऊन मिळतो, घटक डी त्याचे विच्छेदन करतो आणि नवीन कन्व्हर्टेज सिद्ध होऊन आणखी सी३ तोडू लागतो. शिवाय काही सी३ आपोआपही सतत सक्रिय होत असते. म्हणून स्वकीय कोशिकांवरही सी३बी अधूनमधून बसणारच. येथे घटक एच उपयोगी पडतो. स्वकीय पृष्ठभागावरील सियालिक अम्ल व ग्लायकोसअमिनोग्लायकन यांच्या आधाराने तो सी३बीवर स्थिरावतो आणि घटक आयच्या हातून त्याचे निष्क्रिय आयसी३बीत रूपांतर करवितो. तात्पर्य, आपपरभाव सी३ मध्ये नसून पृष्ठभागावरील या नियंत्रणात आहे. मेनिंगोकॉकस जंतू घटक एच स्वतःकडे ओढून घेतो व याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतो.

नियंत्रण नसलेल्या पृष्ठभागावर मात्र सी३बीचा थर साचतो. भक्षिकोशिका त्यावरून जंतूला ओळखून गिळतात. पुढे सी५ चे विच्छेदन होऊन जंतूचे पटल भेदणारी प्रथिनसाखळी सुरू होते. अखेरीस उरणारा सी३डी हा तुकडा बी-लसीका कोशिकांना उत्तेजन देतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सी३डीचे तीन तुकडे जोडलेला प्रतिजन मूळ प्रतिजनापेक्षा १०,००० पट प्रभावी ठरला.

या समतोलाचे मोल रोगावस्थेत कळते. जन्मतः सी३ नसलेल्या मुलांना पूजनक जंतूंचा संसर्ग वारंवार होतो. उलट, नैश हिमोग्लोबिनमेह या विकारात तांबड्या कोशिकांवरील नियंत्रक प्रथिने नसल्यामुळे त्या स्वतःच्याच पूरक प्रथिनांना बळी पडतात. त्यावर सी३ रोखणारे पेगसेटाकोप्लान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तथापि ते सुरू करण्यापूर्वी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस इत्यादी जंतूंविरुद्ध लस टोचून घ्यावी लागते. कारण जो रेणू रोखावयाचा, तोच या जंतूंपासूनही रक्षण करीत असतो.